घाटात गाडी तापली तर
खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना जीप तापते, बंद पडते आणि स्टार्टरही फिरत नाही. अशा वेळी आधी पंख्याचा पट्टा पाहावा, असे आम्ही सुचवितो. जुन्या जीप व ट्रॅक्टरांत पुष्कळदा हाच पट्टा पाण्याचा पंप आणि डायनॅमो फिरवितो. तो तुटला की इंजिन तापते व बॅटरीही उतरते.

पट्टा शाबूत असल्यास होजपाइपची गळती व रेडिएटरच्या जाळीत अडकलेले पाचट पाहावे. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसले, तर तेलात पाणी शिरले आहे. स्टार्टर मारू नये, गाडी टोचन करून आणावी.

इंजिन निवल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये. गाडी दुरुस्त होते, भाजलेला हात ऐन तोडणीत घरी बसवितो.