सुई की रानहंस?

पुतणी : काका, इंग्रजीतला 'वाइल्ड गूज चेस' म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणंच ना?

काका : नाही, नाही! इथंच सगळे घसरतात. गंजीत सुई असते. सापडणं कठीण, एवढंच. रानहंसामागे धावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि पुष्कळदा त्याला दुसऱ्यानंच धावायला लावलेलं असतं.

पुतणी : यात हंस कुठून आला?

काका : घोड्यांच्या शर्यतीतून. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडात पुढचा स्वार मनाला येईल तिकडं घोडा घालायचा आणि मागच्यांनी अंतर राखून त्याच्याच वाटेनं जायचं, उडत्या हंसांच्या रांगेसारखं. 1597 साली पहिल्यांदा छापलेल्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये मर्क्युशिओच्या तोंडी हा प्रयोग आहे. पुढं शर्यत विस्मरणात गेली, निष्फळ धाव तेवढी उरली. आणि आपली माणसं 'रानबदकांचा पाठलाग' लिहितात! मृगजळ असताना बदकं कशाला?

पुतणी : ते असू दे. पण धावणाऱ्याला कसं कळायचं, सुई आहे की हंस?

काका : आपल्याच घरचं बघ. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, आपल्या बेलपाड्याच्या शेतांवर खारघर उभं राहिलं. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी दिलेल्या लढ्यात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठं पुढं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन पदरात पडली. त्यासाठी वारसाचा कागद हवा, तर तुझ्या बापाला एका कचेरीनं या टेबलावरून त्या टेबलावर नुसतं नाचवलं. कुणी नीट सांगेल तर शपथ!

पुतणी : म्हणजे तो 'वाइल्ड गूज चेस'च.

काका : टेबलं फिरणं, होय. कागद मात्र सुई होती. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक होता. गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, त्याच क्रमांकाखाली नोंद निघाली.

पुतणी : आणि क्रमांकच नसता तर? समजा, आजी म्हणते नोंद झाली होती, पण सातबाऱ्यावर काहीच नाही. मग किती दिवस शोधायचं?

काका : पुन्हा तेच! दिवस मोजून ते कळत नाही. नकलेसाठी लेखी अर्ज कर, पोच घे, उत्तरही लेखीच माग. नोंदवहीच फाटली असेल, तर ते लिहून घे आणि सुई दुसरीकडं शोध. नोंद झालीच नाही असं ठरलं, तर जुनी दप्तरं उपसू नकोस. तलाठ्याकडं वारसनोंदीचा नवा अर्ज दे.

पुतणी : आणि तोंडी 'उद्या या' म्हणाले तर?

काका : पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.