सुधारलेल्या संगणकासाठी मुक्त सॉफ्टवेअर

समजा, काटोल तालुक्यातील संत्रा बागायतदारांच्या एका गटाने आपला आठ वर्षांचा संगणक नागपुरास धरमपेठेतील दुकानात नेऊन सुधारून घेतला. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसली, रॅम ४ जीबीची ८ जीबी झाली आणि यंत्र चपळ झाले. आता दुकानदार विचारतो, "ऑफिस वगैरे टाकून देऊ का?" येथेच सावध राहावयास हवे. पुष्कळदा असे फुकट टाकून दिलेले सॉफ्टवेअर कुलूप तोडलेले, म्हणजे चोरीचे असते. ते चालते हे खरे. परंतु कुलूप तोडणाऱ्याने आत आणखी काय पेरले आहे, ते कळण्यास मार्ग नसतो. सभासदांचे बँक खाते क्रमांक, आधार क्रमांक आणि विक्रीचा हिशेब त्याच संगणकात राहणार असतो.

चोरीची गरज नाही, कारण मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. मोफत आणि मुक्त यांतील भेद शेतकऱ्यास चटकन उमगेल. संकरित वाणाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. सरळ वाणाचे बी घरी राखता येते, पेरता येते आणि शेजाऱ्यासही देता येते. मुक्त सॉफ्टवेअर हे सरळ वाणासारखे होय. वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा त्याच्या परवान्यातच असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या कल्पनेवर काम जाहीर केले.

प्रथम दोन गोष्टी उरकाव्यात. काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नये. तीत गटाचे सर्व दप्तर असते. दुसरे, विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. संगणक विंडोज ११ घेण्यास पात्र नसेल, तर लिनक्स मिंट ही मुक्त कार्यप्रणाली बसवावी. तिला ४ जीबी रॅम पुरेशी होते.

हिशेब व पत्रव्यवहार यांसाठी लिबरऑफिस घ्यावे. त्यातील 'रायटर' पत्रे लिहिण्यास व 'कॅल्क' तक्ते मांडण्यास उपयोगी पडते. एक्सेलमधील जुने तक्ते त्यात उघडतात. मात्र गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी कधी कधी थोडी सरकते, म्हणून बेरजा एकदा पडताळाव्यात. बसविताना भाषांच्या यादीत मराठीची निवड केल्यास सूचनाही मराठीत दिसतात. सवय होईपर्यंत त्या काहींना इंग्रजीपेक्षा अवघड वाटतात, ही गोष्ट वेगळी.

खरी अडचण येते ती जुन्या मराठी मजकुराची. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये लिहिलेले ठराव नव्या संगणकावर उघडले, की रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. मजकूर नष्ट झाला असे समजून कोणी तो पुसून टाकू नये. तो फॉन्ट बसविताच मजकूर पुन्हा दिसू लागतो. नंतर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि रफार, जोडाक्षरे व आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत. यापुढील लेखन युनिकोडमध्येच करावे. त्यासाठी लागणारा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स या दोहोंत आधीच असतो. केवळ भाषांच्या यादीतून मराठी जोडावी लागते.

चित्रफिती दाखविण्यास व्हीएलसी घ्यावे. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून ते निघाले. बहुतेक सर्व प्रकारच्या फिती त्यात चालतात आणि प्रशिक्षणवर्गात इंटरनेट नसले तरी अडत नाही. दाबलेल्या फायली उघडण्यास सेव्हन-झिप व इंटरनेटसाठी फायरफॉक्स पुरते. पाणलोटाचे किंवा बागेचे नकाशे करावयाचे असल्यास क्यूजीआयएस आहे. ते शिकण्यास वेळ लागतो व रॅमही बरीच लागते, म्हणून गरज नसता ते बसवू नये.

बियाणे प्रमाणित विक्रेत्याकडून घ्यावे, तसे सॉफ्टवेअर कर्त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावे: लिबरऑफिस डॉट ऑर्ग, व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. शोध घेताच वर दिसणारी जाहिरात व ठळक हिरवे बटण पुष्कळदा दुसऱ्याच ठिकाणी नेते. गावात इंटरनेट मंद असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी ही मुक्त सॉफ्टवेअर एका पेनड्राइव्हवर घेऊन गावातील इतर संगणकांवर बसवावीत. परवाना तशी मुभा देतो. पेनड्राइव्हवर तारखेची चिठ्ठी चिकटवावी आणि सहा महिन्यांनी नव्या आवृत्त्या उतरवून घ्याव्यात.