पॅनेल बदलण्याआधी टॉर्च लावून पाहा

लॅपटॉप झोपेतून उठला, पंखा फिरू लागला, कॅप्स लॉकचा दिवाही लागला; स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. दुरुस्तीवाल्याने बघताक्षणी निकाल दिला, ‘पॅनेल गेलंय, बदलावं लागेल.’ होकार देण्याआधी मी लॅपटॉप घरी आणला, झोपवून परत उठवला, खोलीतला दिवा घालवला आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला अगदी लगटून तिरका धरला. त्या उजेडात घड्याळाचे आकडे आणि फोल्डरची नावं, पुसट का होईना, वाचता येत होती. म्हणजे पॅनेल शाबूत होतं. त्याच्या मागचा बॅकलाइट तेवढा लागला नव्हता.

एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या एलईडींचा उजेड ती कुठे अडवते, कुठे सोडते, त्यातून चित्र दिसतं. (ओएलईडी स्क्रीनला बॅकलाइटच नसतो, तिथे टॉर्चचा उपयोग नाही.)

मग बघायचं ते हे, की अंधार होतो कधी. पूर्ण बंद करून चालू केल्यावर स्क्रीन नीट दिसते आणि फक्त झोपेनंतर काळी राहते, तर पहिला संशय ड्रायव्हरवर घ्यावा. माझं तसंच होतं. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. माझी स्क्रीन त्यानेच उजळली. पुढे ग्राफिक्स ड्रायव्हर आणि बायोस अपडेट केल्यावर तक्रार थांबली. लिनक्सवर आधी ब्राइटनेस शून्यावर गेलाय का ते बघावं. नसेल तर कर्नलच्या बॅकलाइटच्या पर्यायात ‘नेटिव्ह’ आणि ‘व्हेंडर’ एकेक करून लावून पाहावेत.

घाबरून पॉवरचं बटण दाबून धरू नका, हे मी कळकळीने सांगतो. झोपेत तुमचं सेव्ह न केलेलं काम रॅममध्येच असतं. वीज तुटली की गेलं. आधी बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा, काम सेव्ह करा, मग काय ते करा.

याच्या उलट प्रकारही होतो, आणि तो मला जास्त धोक्याचा वाटतो. स्क्रीन काळी होते, पण मशीन झोपतच नाही. अंधारात नीट बघितलं तर बॅकलाइट चालू असलेल्या काळ्या स्क्रीनवर राखाडी झाक दिसते. असा लॅपटॉप बॅगेत घातला तर तापतो आणि बॅटरी संपवतो. नव्या मशीनमध्ये बहुधा मॉडर्न स्टँडबाय असतो. त्यात झोपेतही मधूनमधून काम चालू राहतं. म्हणून प्रवासाला निघताना मी हायबरनेट करतो.

झाकण हलवलं की उजेड येतो-जातो, असं होत असेल तर संशय बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर घ्या. दुकानात गेलात की ‘स्क्रीन गेली’ एवढंच सांगू नका. टॉर्चमध्ये काय दिसलं, बाहेरच्या मॉनिटरवर काय दिसलं, अंधार झोपेनंतरच होतो की कायम, ही तिन्ही उत्तरं द्या आणि पॅनेलच्या आधी केबल तपासायला सांगा.