पिशवी काढायची म्हणजे

पुण्यामुंबईतली ट्रान्स मुलं भेटली की हटकून विचारतात, "दादा, पिशवी काढणं सेफ आहे ना?" माझं ऑपरेशन होऊन काही वर्षं झाली. तेव्हा जे कळलं आणि नंतर इतरांच्या खाटेशेजारी बसून जे पाहिलं, ते इथे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. हे वाचून डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता आले, तर लिहिल्याचं सार्थक झालं.

१. आपलं शरीर वेगळं म्हणून धोका जास्त, ही भीती सोडा.

अमेरिकेत २०१३ ते २०१६ या काळात झालेल्या, कॅन्सर नसताना गर्भाशय काढण्याच्या दीड लाखाहून जास्त ऑपरेशनांच्या नोंदी तपासून २०१८ साली एक अभ्यास छापून आला. त्यात ५२१ ट्रान्स पुरुष होते. त्यांच्यात गुंतागुंत झाली ३.४ टक्के जणांना, बाकीच्यांत ३.३ टक्के. जवळजवळ सारखंच. जो धोका आहे तो हे ऑपरेशन करून घेणाऱ्या कुणालाही असतो: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा, पायात रक्ताची गुठळी. हे चारही शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐका. "काही होत नाही हो" एवढंच सांगून सही घेणाऱ्याकडे मी कुणाला पाठवणार नाही.

२. इंजेक्शनं घेता म्हणून पिशवी काढलीच पाहिजे, असं नाही.

टेस्टोस्टेरॉन चालू असेल तर पुढे कॅन्सर होईल, म्हणून काही वर्षांत पिशवी काढून टाका, असं पूर्वी सर्रास सांगत. तसा सबळ पुरावा आजवर मिळालेला नाही. कॅन्सरच्या धास्तीने काय होतं, हे महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिलं आहे. तिथल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यांतल्या अनेकींची अशाच धास्तीपोटी. म्हणून तुमचं कारण तुमचं असू द्या. पोटात कळा येतात, रक्तस्राव थांबत नाही, किंवा हा अवयव अंगात आहे हेच सोसवत नाही. यातलं कुठलंही कारण पुरेसं आहे.

कागदपत्रांवरची लिंगनोंद बदलण्यासाठी घाई करणारेही भेटतात. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती अनैतिक आणि बेकायदा ठरवली होती. निव्वळ दाखल्यासाठी पोट उघडण्याआधी सध्याचा नियम काय आहे, ते नीट विचारून घ्या.

३. अंडाशयांचा निर्णय वेगळा घ्या.

पिशवीबरोबर अंडाशयं काढायची की ठेवायची, हे बऱ्याच जणांना ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी विचारलं जातं. खरं तर यावर सगळ्यांत जास्त वेळ द्यायला हवा. दोन्ही काढली की शरीर स्वतःचे लैंगिक हार्मोन जवळपास बनवत नाही. मग टेस्टोस्टेरॉन कायमचं. नोकरी गेली, गावी परतावं लागलं, औषध मिळेना, म्हणून ते बंद पडलं तर हाडं ठिसूळ व्हायला लागतात. एक तरी ठेवलं तर काहीतरी आधार राहतो. उलट, अंडाशयात गाठी असतील किंवा घरात त्या कॅन्सरचा इतिहास असेल, तर काढणंच शहाणपणाचं ठरू शकतं. स्वतःच्या रक्ताचं मूल कधीतरी हवंसं वाटेल असं मनात असेल, तर बीजं गोठवण्याचं आधीच बोला. दोन्ही अंडाशयं काढल्यावर तो रस्ता उरत नाही.

गर्भाशयमुख काढणार का, हेही विचारून घ्या. ते ठेवलं तर पॅप स्मिअरची तपासणी चालूच ठेवावी लागते.

४. अनेकांचं ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. पोटावर लहान छेद, घरी लवकर जाता येतं.

५. भूलतज्ज्ञापासून काही लपवू नका.

जिममधल्या ओळखीने आणलेली इंजेक्शनं, सिगारेट, छातीला रोज बांधतो तो बाइंडर, सगळं सांगा. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकतं. हिमोग्लोबिन फार वर गेलं असेल तर ते डॉक्टरांना आधी कळायला हवं. इंजेक्शन थांबवायचं की नाही, तेही त्यांनाच ठरवू द्या.

६. वॉर्डाचं आधी ठरवा.

याबद्दल कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे. मला बायकांच्या वॉर्डात ठेवलं होतं. शेजारी बाळंतिणी, त्यांचे पाहुणे, आणि दाढीवाला मी. दिवसभर चादर डोक्यावर घेऊन पडून होतो. ऑपरेशननंतर पडून राहणं म्हणजे पायात गुठळी व्हायला वाट मोकळी करून देणं. रात्रपाळीच्या सिस्टर आल्या, पडदा ओढला, लघवीची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "दादा, उठा. कॉरिडॉर मोकळा आहे, दोन फेऱ्या मारू." सोबत असलेल्या माझ्या ताईने दुसरीकडून धरलं. त्या फेऱ्या औषधाइतक्याच गरजेच्या होत्या. लाजेपायी सही करून लवकर घरी गेलेली आणि ताप अंगावर काढलेली मुलं मला माहीत आहेत. स्वतंत्र खोली मिळेल का, केसपेपरवर कुठलं नाव लागेल, हाक कशी मारतील, हे दाखल होण्याआधी बोलून घ्या. सोबत येणाऱ्याला सगळं ठाऊक असू द्या.

७. सहा आठवडे जड उचलायचं नाही.

पोटावरचे टाके लवकर भरतात आणि आपण बरे झालो असं वाटतं. आतला टाका, योनीच्या वरच्या टोकाचा, मात्र कच्चाच असतो. टेस्टोस्टेरॉनने तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, म्हणून आपल्याला जास्त जपायला हवं. काही डॉक्टर त्यासाठी आधी थोडे दिवस इस्ट्रोजेनचं मलम देतात. नाव ऐकून दचकू नका, ते मुख्यतः तिथल्यापुरतं काम करतं. गडी माणूस म्हणून गॅसचा सिलिंडर, पाण्याची कळशी, मांडवातल्या सतरंज्या आपल्याकडेच येतात. घरात कारण सांगता येत नसेल तर हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणा, पण उचलू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत संबंधही नकोत.

थोडे डाग पडतात, त्याला भिऊ नका. पण पॅड भरेल इतकं रक्त, ताप, घाण वासाचा स्राव, लघवी अडणं, एका पोटरीत दुखून सूज येणं, धाप लागणं, किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. जवळच्या कुठल्याही इस्पितळात जा आणि आत शिरताक्षणी सांगा, "माझी पिशवी काढली आहे." ते वाक्य घरी दोनदा मोठ्याने म्हणून ठेवा.