लॅपटॉपचे कार्ड

आम्ही मीरा रोडला नया नगरमध्ये राहतो. एकदा आपाच्या जुन्या लॅपटॉपचे वाय-फाय बंद पडले. कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरायला तिच्याकडे दोनच दिवस होते.

चाचांनी लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली आणि मागचे झाकण उघडले. आत टपाल तिकिटाएवढे एक कार्ड होते. त्याला दोन बारीक तारा जोडलेल्या होत्या. त्या पडद्याच्या कडेपर्यंत जातात, तिथे अँटेना असतो. चाचांनी कार्ड काढून, पुसून परत बसवले. उपयोग झाला नाही.

"नवे कोणतेही चालेल ना?" मी विचारले.

"नाही बेटा. जुन्या काळचे मिनी पीसीआय-एक्स्प्रेस कार्ड वेगळे, हे एम-टू वेगळे. हे २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब, म्हणून २२३०. शिवाय बसले म्हणजे चालले असे नाही. इंटेलची काही कार्डे इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरबरोबरच चालतात. काही लॅपटॉप तर अनोळखी कार्ड दिसले की सुरूच होत नाहीत!"

मी कार्डावरचा क्रमांक वहीत उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी लोकलने ग्रँट रोडला उतरून आम्ही लॅमिंग्टन रोडवर गेलो. त्याचे नाव आता डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण विचारताना सगळे जुनेच नाव घेतात. पहिल्या दुकानदाराने चकचकीत कार्ड पुढे केले. चाचांनी क्रमांक वाचला आणि मान हलवली. तिसऱ्या दुकानात वहीतलाच क्रमांक सापडला. कार्ड वापरलेले होते, पण तेच होते.

रात्री तारांची इवलीशी टोके बसवताना मी श्वास रोखून धरला. टक्‌ असा आवाज झाला. लॅपटॉप सुरू होताच आपाने अर्ज उघडला.