मेंढीचे दूध आणि रानातले गवत

दिवाळीनंतर चाकणच्या ट्रकांच्या रांगेशेजारून धनगरांची मेंढरे कोकणाकडे जाताना मी पाहतो. दख्खनी मेंढी दूध थोडेच देते. बहुतेक कोकरालाच जाते, उरले तर वाड्यावरच्या पोरांना. पण ते दाट असते. स्निग्धांश ६ ते ७ टक्के, गाईच्या दुधाच्या साधारण दीडपट.

हा स्निग्धांश कसा असेल ते चारा ठरवतो. ओल्या गवतात ओमेगा-३ जातीचे लिनोलेनिक आम्ल भरपूर असते. मेंढीच्या पोटातले जंतू त्यातले बरेचसे घट्ट चरबीत बदलतात. अर्धवट बदललेले रक्तातून कासेत पोहोचते आणि तिथे त्याचे रुमेनिक आम्ल बनते. नुसत्या कडब्यावर ठेवलेल्या मेंढीत हे दोन्ही घटतात. रंगावरून मात्र पारख करू नका. गवतातला पिवळा रंग मेंढी दुधात उतरू देत नाही, त्यामुळे तिचे लोणी पांढरेच!

चाकणच्या माळांवर आता कारखाने आहेत आणि उरलेल्या जागांना कुंपण. वाचकांपैकी कुणाचा प्लॉट गवताने भरून पडला असेल, तर त्यांनी कळपाला दोन रात्री बसू द्यावे. गवत साफ होईल, लेंडीखतही मिळेल.