बटण सेलवर टॅग वर्षभर कसा चालतो?

प्रश्न : चावीला लावलेला ब्लूटूथ टॅग एका बटण सेलवर वर्षभर चालतो, मोबाइल मात्र रोज चार्जिंगला लावावा लागतो. टॅगही रेडिओ लहरीच पाठवतो ना? मग त्याला एवढ्याशा विजेत कसं भागतं?

उत्तर : आधी हिशेब मांडू. सीआर2032 या बटण सेलची क्षमता साधारण 225 मिलिअँपिअर-तास असते. टॅगमधला ट्रान्समीटर चालू असताना 5 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. तो सतत चालू ठेवला तर सेल दोन दिवसही टिकणार नाही. वर्ष काढायचं तर सरासरी प्रवाह 25 मायक्रोअँपिअरवर, म्हणजे 200 पट खाली आणावा लागतो.

लहरींची ताकदच कमी करावी, असं कुणालाही वाटेल. पण त्यातून फारसं हाती लागत नाही. अँटेनातून जेमतेम 1 मिलिवॉट बाहेर पडतो, सेलमधून जातात 15. बरीचशी वीज 2.4 गिगाहर्ट्झची लहर तयार करून ती नेमक्या जागी स्थिर ठेवण्यातच खर्च होते. बाहेर पडणारी ताकद 100 पट घटवली तरी चिपचा वापर जेमतेम निम्म्यावर येतो; रेंज मात्र मोकळ्या मैदानात दहाव्या हिश्श्यावर येते.

खरी बचत गप्प बसण्यात आहे. 2010 साली आलेल्या ब्लूटूथ 4.0 मधल्या ‘लो एनर्जी’ पद्धतीत टॅग बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि झोपेत एक-दोन मायक्रोअँपिअरच घेतो. अधूनमधून जागा होतो, ठरलेल्या तीन चॅनेलवर आपली ओळख सांगतो, पुन्हा झोपतो. एकेक संदेश अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत संपतो. ऐकणंही बोलण्याइतकंच महाग पडतं. त्यामुळे संदेशानंतर 150 मायक्रोसेकंदांनी टॅग क्षणभरच कान उघडतो. तेवढ्यात फोनने हाक दिली तर ठीक, नाही तर रेडिओ बंद. ताटकळत ऐकण्याचं काम फोनच्या मोठ्या बॅटरीवर सोपवलेलं आहे. मला या रचनेतली ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. फोनला मात्र अशी सवलत नाही: स्क्रीन आहेच, शिवाय टॉवरपर्यंत पोचायला 4जीमध्ये 200 मिलिवॉटपर्यंत ताकद लागते.

डिझायनरचा कस लागतो तो जागं होण्याच्या क्षणी. वारंवारता ठरवणारा क्वार्ट्झ स्फटिक स्थिरावायला काही शे मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ संदेशाइतकाच वेळ! तेवढ्या वेळात वीज जाते आणि काम काहीच होत नाही. म्हणून स्फटिक लवकर सुरू करण्यावर खूप मेहनत घेतली जाते.

सेलचीही एक खोड आहे. त्याचा अंतर्गत रोध मोठा असल्यामुळे एकदम 5 मिलिअँपिअर ओढले की व्होल्टेज खचतं. म्हणून शेजारी कपॅसिटर ठेवतात. तो झोपेच्या वेळात सावकाश भरतो आणि संदेशाच्या वेळी आधार देतो. सेल जुना झाला की हा रोध आणखी वाढतो. मग मल्टिमीटर जवळपास 3 व्होल्ट दाखवतो, तरी टॅग बंदच राहतो, कारण मीटर मोजताना सेलमधून प्रवाह जवळजवळ घेतच नाही.